टेकडीखालची टपरी (सिगरेट बंद, व्यायाम चालू – दिवस ९६)

टेकडीबहाद्दर

वय ४३. सिगरेट २१ वर्षं, दिवसाला आठ-दहा. पुण्यात तळजाईच्या टेकडीवर सकाळचं चालणं ११ वर्षं. आता हे आकडे एकाखाली एक मांडून बघा म्हणजे घोटाळा लक्षात येईल. ११ वर्षं मी पहाटे साडेपाचला उठून तासभर टेकडी करत होतो आणि खाली उतरलो की टपरीवर एक कटिंग आणि एक सिगरेट. सहा जणांचा ग्रुप, त्यातले चार ओढणारे. घाम आलेला, गार वारा, हातात चहा, त्या एकीची चव दिवसभरातल्या बाकी सगळ्यांपेक्षा भारी लागायची हे कबूल करतो, उगाच सोवळं कशाला नेसू.

आणि डोक्यात हिशोब काय, तर आपण व्यायाम करतो ना, मग दहा ओढल्या तरी पाच वजा. हा हिशोब कुणी शिकवला माहीत नाही पण टेकडीवर येणाऱ्या निम्म्या फुंकणाऱ्यांचा हाच असतो. शिवाय मी पाकीट कधी घेतलंच नाही, कायम सुटी. सुटी विकायला आपल्या राज्यात २०२० पासून बंदी आहे पण आमच्या टपरीवाल्याला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. खिशात पाकीट नाही म्हणजे आपण तसले नाही, असं पण एक समाधान होतं.

फटका बसला तो मेव्हण्यामुळे. त्याने मनगटावरचं ते पट्टी-घड्याळ घेतलं आणि दिवाळीत सगळ्यांची नाडी मोजायचा कार्यक्रम झाला. सोफ्यावर निवांत बसलेलो असताना माझी ८४. मेव्हण्याची ७०. हा माणूस पार्किंगपर्यंत पण लिफ्टने जातो हो. रात्रभर डोक्यात तेच, की ११ वर्षं टेकडी चढून मी नेमकं काय कमावलं?

तर बंद केली. एकदम. कमी करत करत सोडायचा प्रयोग आधी तीनदा झालेला, त्यात होतं काय की दहाच्या चार केल्या की त्या चार आपण इतक्या खोल ओढतो की दहाचा माल त्यातच वसूल.

चालणं सोडायचं नव्हतं पण चालण्याच्या शेवटी तर तीच बसलेली. म्हणून पहिली गोष्ट गाडी लावायची जागा बदलली. दुसऱ्या बाजूने चढायचं, त्याच बाजूने उतरायचं, टपरी वाटेत येताच कामा नये. ग्रुपला सांगितलं की महिनाभर चहाला येत नाही. एकजण म्हणाला बायकोने धमकी दिली का. म्हणलं हो. वाद नको.

पहिले तीन दिवस भयंकर, चिडचिड, डोकं जड, ऑफिसात दोघांवर विनाकारण ओरडलो. पण चौथ्या दिवशी चढावर गंमत झाली, नेहमीच्या बाकड्यापाशी थांबायची गरजच पडली नाही. नंतर वाचलं तेव्हा कारण कळलं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे डब्यातल्या काही सीट आधीच अडवलेल्या. सिगरेट थांबली की एक-दोन दिवसात त्या मोकळ्या होतात. फुप्फुसं सुधारायला वेळ लागतो पण हा फरक लगेच कळतो.

आणि मग दुसऱ्या आठवड्यात उलटंच. खोकला वाढला, सकाळी चढताना काळपट कफ, च्यायला ओढत होतो तेव्हा बरा होतो असं वाटायला लागलं. इथेच बरेच जण परत जातात असा माझा अंदाज. श्वासनळीत बारीक केसांसारखा झाडू असतो, धुराने तो लुळा पडलेला असतो, तो परत हलायला लागला की साठलेला कचरा वर येतो. मला तीन आठवडे लागले.

आता ९६ वा दिवस. निवांत नाडी ७१. सिंहगड पायथ्याच्या आतकरवाडीतून चढायला आधी सव्वा तास आणि वाटेत दोन "ब्रेक", परवा ५८ मिनिटं. वर जाऊन मडक्यातलं दही खाल्लं तर मला वाटलं दही बदललंय.

कुणी व्यायाम चालू ठेवून सोडलीय का? आणि टिकली का? खरं सांगा, कौतुक नको.

खवचट_पुणेकर

रुमाल टाकून ठेवतो. बाकी मेव्हण्याला एक दिवस टेकडीवर न्या, हिशोब पूर्ण होईल.

निळीछत्री

अगदी आमच्या घरातलंच लिहिलंयत. नवरा साडेपाचला जिमला जातो, दीड तास लोखंड उचलतो, येऊन प्रोटीनचा शेक पितो आणि मग बाल्कनीत. काही बोललं की म्हणतो घामातून सगळं निघून जातं. मी काय बोलावं हे सांगा, गेल्या सहा वर्षांत सगळं बोलून झालंय.

टेकडीबहाद्दर

@निळीछत्री ताई, घामातून असं सगळं निघून जात नाही, पण हे तुम्ही सांगून उपयोग नाही हे पण तितकंच खरं. माझ्या बायकोने एक गोष्ट बंद केली त्याचा मला फार फायदा झाला, शर्टाचा वास घेणं. वास घेतला की माझं सगळं डोकं पकडलं न जाण्यात जायचं, बडीशेप, लवंग, गाडीत परफ्यूमची बाटली. ते थांबलं तेव्हा पहिल्यांदा माझं मला दिसलं. त्यांना फक्त सकाळी उठल्या उठल्या, जिमच्या आधी, नाडी मोजायला सांगा आणि तुम्ही काही बोलू नका.

वाईचा_वाटाड्या

मी सोडली, टिकली, आणि परत लागली. तिन्ही केलंय त्यामुळे माझं जरा लांबलचक ऐकून घ्या.

पळणं सुरू केलं ते सिगरेट सोडायलाच. सातारा हिल हाफ मॅरेथॉन डोक्यात धरली होती, ज्यांनी केलीय त्यांना माहीत आहे, शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि परत खाली. २१ किलोमीटर, त्यातला पहिला निम्मा चढच चढ. सिगरेट ओढून तो घाट पळता येत नाही, चालत पण रडवतो. आठ महिने सराव केला, त्या नादात सुटली, शर्यत पूर्ण केली, मेडल घेऊन फोटो, मी तर गावात दहा जणांना उपदेश पण करायला लागलो होतो.

पावणेतीन वर्षं टिकली. मग टाच. टाचेखालची शीर सुजली, डॉक्टर म्हणाले दोन महिने पळायचं नाही. आता माझं सगळं काय होतं, तलफ आली की बूट घालून बाहेर. बूटच काढून घेतले. सातव्या की आठव्या आठवड्यात चुलतभावाची हळद, मांडवाच्या मागे सगळे जमलेले, एकाने पुढे केली आणि मी घेतली. विचार पण केला नाही हो. महिन्याभरात परत दिवसाला सहा.

म्हणून सांगतो, व्यायाम ही एकच कुबडी ठेवू नका. ती मोडली तर आपण आडवे. आता परत सोडलीय, १४ महिने झालेत, या वेळी पळणं आहेच पण पाय बंद पडले तर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवलंय. हाताचे व्यायाम, जोर, रबरी पट्टा, आणि दोन माणसं ज्यांना रात्री अकराला पण फोन करता येतो. हसू नका, वेळ आली तर जोर मारण्यापेक्षा फोन जास्त कामाला येतो.

पन्हाळगडी

आमच्याकडं सिगरेट न्हाई पण तंबाखू-चुना. तालमीत जात होतो तवापासनं. सकाळी जोर-बैठका, तूप-बदाम आणि ओठाखाली बार. वस्ताद ओरडायचे पण तेंच्या बी गालात असायचाच. चालतंय का हितं लिहिलेलं?

टेकडीबहाद्दर

चालतंय की. निकोटीन तेच. रस्ता वेगळा.

खवचट_पुणेकर

मी सोडली २००८ ला. २ ऑक्टोबरपासून सार्वजनिक ठिकाणी बंदी आली, कंपनीने ओढायचा कोपरा बंद केला, मग गेटबाहेर पार हमरस्त्याच्या पलीकडे जायला लागायचं. जाऊन येऊन १२ मिनिटं. मला सिगरेटपेक्षा आळस जास्त प्रिय. सुटली. व्यायाम तेव्हाही करत नव्हतो, आजही नाही, तेव्हा सिगरेट सुटल्याचं श्रेय व्यायामाला घेऊ देऊ नका.

वाईचा_वाटाड्या

आमच्या ऑफिसात याच नियमाने उलटं झालं, एवढं लांब आलोच आहोत तर दोन ओढून जाऊ.

मेडिकलवाला

नाशिकला दुकान आहे, रोज बघतो म्हणून दोन गोष्टी. निकोटीनचा गम लोक घेऊन जातात आणि आठ दिवसांनी येऊन सांगतात काही उपयोग नाही, उचकी लागते, घशाशी येतं. विचारलं कसा खाता तर साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चावतात. तसा नाही खायचा. दोन-चारदा चावायचा, जिभेला झणझणलं की थांबून गालात एका बाजूला दाबून ठेवायचा, झणझण गेली की परत दोन-चारदा चावायचा, असा साधारण अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायला पाहिजे, गिळलं तर पोटात जळजळ होते आणि तलफ तशीच राहते. आणि आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी-सरबत काही नको, तोंड आंबट असलं की ते नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे अडचण हीच, माणूस चहा पिता पिताच गम टाकतो.

दोन मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय देतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागते अशा माणसाला दोनचा पुरत नाही, त्याला चारचा लागतो, त्यासाठी डॉक्टरकडे जा. चिकटवायच्या पट्ट्या आहेत, चिठ्ठीवरच्या गोळ्या पण आहेत. हृदयाचं काही असेल, बीपी असेल तर मनाने काही करू नका, विशेषतः ज्यांनी आयुष्यात कधी पळालेलं नाही आणि सोडल्याच्या जोशात एकदम पळायला लागतात त्यांनी.

निळीछत्री

चहावरून आठवलं, माझ्या भावाने मागच्या वर्षी सोडली तेव्हा त्याला रात्रभर झोप नाही, छातीत धडधड, हात थरथरायचे. सगळे म्हणाले सिगरेट सोडल्याचा त्रास आहे, काढ कळ. शेवटी ओढायला लागला परत. चहा मात्र तेवढाच होता, पाच-सहा कप.

मेडिकलवाला

@निळीछत्री ताई, तुमच्या भावाला कदाचित चहाच भोवला असेल. सिगरेटच्या धुरातल्या डांबरासारख्या पदार्थांनी लिव्हर कॅफिन फार भराभर फोडायला लागतं, ओढणाऱ्याला म्हणून चहा-कॉफी जास्त पचते. सिगरेट बंद झाली की थोड्याच दिवसात तो वेग खाली येतो, पण कप तेवढेच. म्हणजे तेवढ्याच चहाचं कॅफिन अंगात कितीतरी जास्त वेळ राहतं. धडधड, झोप नाही, चिडचिड, आणि माणूस म्हणतो बघा सिगरेट सोडली आणि तब्येत गेली. हे काम निकोटीन करत नाही धूर करतो, त्यामुळे गम खाऊन पण हे बदलत नाही. सोडायच्या आठवड्यात चहा निम्मा करा, चारनंतर नको. काही ठरावीक औषधांचं पण असंच होतं, म्हणून रोजची गोळी चालू असेल त्याने सिगरेट सोडल्याचं डॉक्टरला सांगायचं.

टेकडीबहाद्दर

हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर!!! मी टपरी सोडली आणि घरी येऊन दोन कप चहा ढोसायचो, भरपाई म्हणून. रात्री दोन वाजता छताकडे बघत पडायचो आणि वाटायचं हार्टचं काहीतरी झालं.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर सिगरेटचं मशीन आहे. वय तपासायला कार्ड दाखवायचं, पैसे भरायचे, पाकीट बाहेर. रात्री तीनला पण. त्यामुळे टपरीची वाट बदलून काम होत नाही, मशीन घराच्या वाटेवरच. मी केलं ते एवढंच की संध्याकाळी ऑफिसातून येताना बसमधून तीन स्टॉप आधी उतरायचं आणि भराभर चालत यायचं, धाप लागेल असं. तलफ आली की दहा मिनिटं जोरात चाललं तर ती उतरते हे अनुभवाने सांगतो आणि संशोधनात पण तेवढ्यापुरतं ते दिसलंय. पण चालल्याने वर्षानुवर्षं सिगरेट सुटलेलीच राहते असं काही त्यातून सिद्ध झालेलं नाही. वाईकर म्हणतात तेच मग, दहा मिनिटं मिळतात, पुढचं आपलं आपण.

वजनाचं कुणी बोललं नाही. माझं सहा किलो वाढलं.

टेकडीबहाद्दर

माझं साडेचार. वर्षभरात चार-पाच वाढणं म्हणजे काही जगावेगळं नाही म्हणतात. निकोटीन भूक मारून ठेवतं, ते गेलं की भूक खरी लागते आणि तोंडाला चाळा हवा तो वेगळाच. मी फुटाणे, पेरू, काकडी ठेवली होती पण खरं सांगायचं तर खाल्ली भाकरवडी. एकावेळी दोन लढाया नकोत म्हणून वजनाकडे मुद्दाम बघितलं नाही.

पन्हाळगडी

मी आजपासनं बार बंद केलाय. तीन तास झाले.

निळीछत्री

पन्हाळगडी, शाब्बास. तंबाखू-सिगरेटच्या पाकिटावरच सरकारी हेल्पलाइनचा नंबर छापलेला असतो, १८०० ११ २३५६, फुकट आहे. भावाने या वेळी तिथे केला होता फोन, समुपदेशक मराठीत बोलले आणि नंतर त्यांनीच परत फोन करून चौकशी केली.

पन्हाळगडी

पुडीवर हाय खरं. इतकी वर्षं पुडी फोडताना तोच तुकडा फाडून टाकत होतो.

टेकडीबहाद्दर

(दिवस ११९)

मंडळी, वाईकरांची नजर लागली. आज नववा दिवस, घरीच आहे. तळजाईवरून उतरताना सुट्या मुरमावरून घसरलो, घोटा मुरगळला, फ्रॅक्चर नाही पण तीन आठवडे चढ-उतार बंद. पहिले चार दिवस काही वाटलं नाही, पाचव्या दिवशी जे सुरू झालं ते पहिल्या आठवड्यापेक्षा वाईट. सकाळी साडेपाचला डोळे उघडतात आणि जायला जागा नाही. बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचो आणि बाल्कनी, खुर्ची, पहाट, हातात कप, राहिलं काय, तर तीच.

सातव्या दिवशी ग्रुपमधले दोघे भेटायला आले. एक न ओढणारे काका, वय ७१, आणि दुसरा टपरीवर माझ्यासोबत ओढणारा पार्टनर. काका आत औषध विचारायला गेले तेवढ्यात पार्टनरने शिलगावली आणि मी हात पुढे केला. दोन कश. डोकं गरगरलं, तोंड कडू झालं, परत दिली त्याला. काकांनी येऊन बघितलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे साडेपाचला माझ्या घरी येतात, पाऊण तास बसतात. आम्ही खुर्चीत बसून हाताचे व्यायाम करतो, एक-एक किलोच्या साखरेच्या पिशव्या घेऊन. बायको म्हणते साखर सांडली तर दोघांना बाहेर काढीन.

आता प्रश्न असा, हे दोन कश धरायचे का? म्हणजे दिवस ११९ का दिवस २?

खवचट_पुणेकर

दिवस २. नियम म्हणजे नियम.

निळीछत्री

काहीही काय. ११७ दिवस ओढली नाही ते कुठे गेले?

वाईचा_वाटाड्या

हळदीच्या रात्री माझ्या डोक्यात हाच हिशोब झाला होता, की मोडलंच आहे तर आता काय. मीटर शून्यावर आलं म्हणून मी दुसरी घेतली, आणि खरा घात दुसरीने केला, पहिलीने नाही. ११९ च धरा. आणि पार्टनरला घोटा बरा होईपर्यंत घरी येऊ देऊ नका, वाईट दिसलं तरी चालेल.

मेडिकलवाला

११९. दोन कशाने सगळं परत पहिल्यासारखं होत नाही. पण उद्या तिसरा घेऊन बघू नका.

पन्हाळगडी

माझा २१ वा. मधी एकदा बोटावर चुना घेतला होता, पर तंबाखू न्हाई टाकली. नुसता चुना चाटून बघितला, जीभ भाजली. त्यो दिवस धरायचा का?

खवचट_पुणेकर

चुना लागला तर धरायलाच हवा.

श्टुटगार्टकर

:)) पन्हाळगडी, धरा, पुढे चला.

टेकडीबहाद्दर

बरं, ११९ धरतो, खवचटरावांचा निषेध नोंदवून. डॉक्टरने पुढच्या आठवड्यात सपाट रस्त्यावर चालायला परवानगी दिलीय. चढ नाही, पर्वतीच्या १०३ पायऱ्या पण नाहीत. काका म्हणाले सारसबागेत दोन फेऱ्या मारू, टपरी तिथेही आहे पण ते माझ्या डाव्या बाजूने चालणार आहेत, टपरीच्या बाजूने. मेव्हणा पण येतो म्हणालाय. घड्याळ घरी ठेवून ये म्हणून सांगितलंय त्याला.